तेमिर, तिमूर, तेमूर, देमिर: एका जुन्या तुर्किक नावाचा अर्थ आणि वापर

किर्गिझस्तानातलं बिश्केक आणि ओश, कझाकस्तानातलं अल्माटी, उझबेकिस्तानातलं समरकंद या शहरांत मेडिकलला गेलेली मुलं आता महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यात सापडतात. शिवाय व्यापारासाठी ताश्कंदला जाणारे आहेत, इस्तंबूलच्या कंपन्यांशी पत्रव्यवहार करणारे आहेत. या सगळ्यांना पहिल्या काही आठवड्यांत भाषेपेक्षा नावांचा जास्त त्रास होतो. शरीररचना शिकवणारे तिमूर अस्कारोविच, घरमालक तेमिरबेक, वर्गातला उझबेक मुलगा तेमूरजोन आणि तुर्की कंपनीच्या पत्राखाली सही करणारे कुणी देमिर. यादीतली ही चार वेगळी नावं वाटतात, पण मूळ चौघांचं एकच.

मी बिश्केकला शिकलो, नंतर अल्माटीत नोकरी केली आणि अजूनही तिकडच्या कागदपत्रांच्या भाषांतराची कामं करतो. नवीन मुलांचे नावांबद्दलचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. म्हणून हे एक नाव घेऊन सगळं क्रमानं सांगतो. हे नीट समजलं की बोलात, बातिर, तुर्सुन अशी बाकीची नावंही याच वाटेनं उलगडतात.

१. आधी अर्थ समजून घ्या

नावाचा अर्थ लोखंड. जुन्या तुर्किक भाषेत (कझाक, किर्गिझ, उझबेक, तातार, तुर्की या भाषांच्या कुळाला तुर्किक म्हणतात) तेमिर किंवा तेमुर, आजच्या कझाक आणि किर्गिझमध्ये तेमिर, तुर्कीत देमिर, तातारमध्ये तिमेर, मंगोलमध्ये तोमोर. हे सगळे शब्द रोजच्या वापरातले आहेत. कझाकस्तानात करागंदाजवळ तेमिरताऊ नावाचं पोलाद कारखान्यांचं शहर आहे. ताऊ म्हणजे डोंगर, तेव्हा शहराचं नाव झालं लोखंडाचा डोंगर. नाव ऐकल्यावर तिथल्या माणसाच्या कानाला आधी धातूच ऐकू येतो.

मुलाला लोखंडाचं नाव का ठेवायचं, हे समजायला दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली इतिहासातली. सहाव्या शतकात स्टेपच्या गवताळ प्रदेशात राज्य उभं करणाऱ्या गोकतुर्कांचे पूर्वज लोहारकाम करत, आणि त्यांचे तेव्हाचे मालक रौरान त्यांना ‘आमचे लोहार गुलाम’ म्हणून हिणवत, असं चिनी बखरींत लिहिलेलं आहे. ५५२ साली त्याच लोहारांनी रौरानांचं राज्य उलथवलं. तुर्कांच्या एर्गेनेकोन नावाच्या दंतकथेतही डोंगरांच्या कोंडीत अडकलेली टोळी लोखंडाचा डोंगर वितळवून बाहेर पडते. म्हणजे या लोकांच्या लेखी लोखंड ही अभिमानाची गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट घरातली, आणि ती मराठी माणसाला लगेच पटेल. आपल्याकडे मुलं जगत नसली की पुढच्याला दगडू किंवा धोंडू म्हणायचे. तुर्किक समाजांतही अशी राखणीची नावं आहेत. उझबेकांत तुर्सुन, म्हणजे ‘राहू दे’. किर्गिझांत तोक्तोसुन, ‘थांबू दे’. त्याच भावनेतून दगड आणि लोखंड नावांत आले. कझाक तास्तेमिर, किर्गिझ ताशतेमिर आणि उझबेक तोशतेमिर या तिन्ही नावांत दगड आणि लोखंड एकत्र आहेत. बाळ टिकावं, घट्ट व्हावं, एवढंच मागणं. या नावामागे तलवार शोधण्याआधी पाळणा आठवा, असं मी नवीन मुलांना नेहमी सांगतो.

२. माणूस कुठला, त्यावरून नावाचं रूप ठरवा

कझाक किंवा किर्गिझ घरात तेमिर. किर्गिझस्तानचे २०१५-१६ मधले पंतप्रधान तेमिर सारियेव यांचं नाव याच रूपात आहे. उझबेकिस्तानात तेमूर. अझरबैजानात तेयमूर. तातारांत तिमेर हा तुकडा जोडनावांत दिसतो. रशियातल्या तातारस्तान या प्रजासत्ताकाचे पहिले अध्यक्ष मिंतिमेर शायमियेव हे त्याचं उदाहरण. तुर्कस्तानात तिमूर आणि देमिर दोन्ही आहेत, पण देमिर हे तिथं आडनाव म्हणून फार जास्त भेटतं.

रशियन भाषेतून आलेलं रूप तिमूर. सोव्हिएत काळात ते सगळीकडे पसरलं, त्यामुळे कझाक आणि किर्गिझ घरांतही तुम्हाला पुष्कळ तिमूर भेटतील. यात एक मोठा सापळा आहे. तिमूर नाव दिसलं की माणूस तुर्किक किंवा मुसलमान असणारच, असं धरून चालू नका. १९४० साली अर्कादी गायदार या रशियन लेखकानं मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीचा नायक तिमूर होता. तो आपल्या टोळीला घेऊन गुपचूप म्हाताऱ्यांची, सैनिकांच्या घरच्यांची कामं करायचा. ते पुस्तक इतकं गाजलं की रशियन घरांतही मुलांना तिमूर नाव ठेवू लागले. गायदारनं स्वतःच्या मुलाचं नावही तिमूरच ठेवलं होतं. १९९२ मध्ये रशियाचे हंगामी पंतप्रधान असलेले येगोर तिमूरोविच गायदार हे त्याचे नातू.

मग आपण मराठीत ‘तैमूर’ का म्हणतो? कारण आपल्याकडे हे नाव फारसी लिपीतून आणि फारसी इतिहासांतून आलं. इतिहासातल्या माणसासाठी तैमूर ठीक आहे. पण समोर उभ्या असलेल्या तेमिरला तैमूर म्हणू नका. तो स्वतःचं नाव जसं सांगतो तसं म्हणा.

३. जोडनाव असेल तर ते तोडून वाचा

तेमिर एकटं असतं त्यापेक्षा जोडीनं जास्त भेटतं. पुढचे-मागचे तुकडे एकदा ओळखता आले की लांबलचक नावांची भीती जाते.

- बेक: सरदार. आपल्या इतिहासातला बेग तो हाच आणि बेगमही यातूनच आली. तेमिरबेक, तेमूरबेक.
- जान, झान, जोन: जीव. आपला जान. किर्गिझ रूपात ज, कझाक रूपात झ, उझबेक रूपात जोन. तेमिरझान, तेमूरजोन.
- बोलात, बुलात, पोलात: मराठीत आपण पोलाद म्हणतो तोच फारसी शब्द. तेमिरबोलात म्हणजे लोखंड-पोलाद.
- आय: चंद्र. आयतेमिर.
- बाय: श्रीमंत, धनवान. बायतेमिर.
- एसेन: सुखरूप, धडधाकट. एसेनतेमिर.

इथं उझबेक ‘जोन’बद्दल सावध राहा. तो कधी नावाचाच भाग असतो आणि कधी नुसता लाडानं लावलेला. मित्र सगळे ‘तेमूरजोन’ म्हणतात म्हणून तुम्ही अर्जावर तेच लिहिलंत आणि पासपोर्टवर नुसतं तेमूर असलं, तर कागद परत येतो.

४. पूर्ण नावात वडिलांचं नाव कुठलं, आडनाव कुठलं?

खरा घोटाळा इथंच होतो, म्हणून यावर जरा वेळ घालवू. आपण मराठी माणसं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी सवय घेऊन जातो. ती निम्मी उपयोगी पडते, कारण तिकडेही वडिलांचं नाव लावतात. पण क्रम आणि शेपटं वेगळी असतात.

रशियन पद्धत: कार्यालयातल्या यादीत आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांच्या नावाला ओविच किंवा एविच लावून केलेलं रूप. अस्कारचा मुलगा तिमूर, आडनाव सादिकोव, तर यादीत ‘सादिकोव तिमूर अस्कारोविच’. त्याची बहीण ‘सादिकोवा ... अस्कारोव्ना’. बाईच्या आडनावाला शेवटी आ लागतो. म्हणून सादिकोव आणि सादिकोवा ही दोन वेगळी घराणी समजू नका, आणि बहिणीच्या कागदावरचा तो आ ‘टायपिंगची चूक’ म्हणून खोडू नका.

कझाक पद्धत: वडिलांच्या नावाला मुलासाठी उली आणि मुलीसाठी किझी जोडतात. तेमिर अस्कारउली. कितीतरी घरांत आडनावाचं ओव-एव हे रशियन शेपूट गळून आजोबांचं किंवा वडिलांचं नुसतं नावच आडनाव झालेलं दिसेल.

किर्गिझ पद्धत: सगळ्यात जास्त फसवणारी हीच. ‘बाकित उलू तेमिर’ या नावात माणूस तेमिर आहे. बाकित त्याचे वडील आणि उलू म्हणजे मुलगा. वडिलांचं नाव आधी येतं. मुलगी असेल तर ‘बाकित किझी आयगुल’. परदेशी माणूस हे बघून पहिलं नाव बाकित, मधलं नाव उलू असं धरतो आणि पत्राची सुरुवात ‘प्रिय बाकित’ अशी करतो. म्हणजे मुलाला लिहिलेल्या पत्रात थेट त्याच्या बापाला हाक. उलू हे नावही नाही आणि घराण्याचं आडनावही नाही. वर्गातले दहा ‘उलू’ एकमेकांचे भाऊ नसतात.

उझबेक पद्धत: आडनाव, नाव, मग वडिलांचं नाव आणि ओग्ली (मुलगा) किंवा किझी (मुलगी). ‘करीमोव तेमूर अनवर ओग्ली’. अझरबैजानात ओग्लू आणि किझी.

तुर्की पद्धत: वडिलांचं नाव नसतंच. नाव आणि आडनाव, एवढंच. सगळ्यांनी आडनाव घ्यायचं, असा कायदा तिथं १९३४ साली झाला आणि लोकांनी आपापली आडनावं निवडली. त्यात लोखंड पुष्कळांच्या वाट्याला आलं. देमिर, देमिरजी म्हणजे लोहार, देमिरताश म्हणजे लोखंड-दगड. माजी अध्यक्ष सुलेमान देमिरेल यांच्या आडनावाचा अर्थ लोखंडी हात.

नाव कुठलं आणि आडनाव कुठलं याची खात्री करायची सोपी जागा सांगतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर सगळ्यात खाली यंत्रानं वाचायच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत देशाच्या तीन अक्षरांच्या खुणेनंतर आधी आडनावाचा रकाना येतो, मग एकाला एक लागून दोन कोनाच्या खुणा (<<), आणि त्यानंतर माणसाचं नाव. त्या दोन जोडकोनांच्या उजवीकडे जे असेल तेच नावाच्या रकान्यात लिहा. ‘बाकित उलू’ बहुतेक वेळा डावीकडे, आडनावाच्या जागी छापलेलं दिसेल. अर्ज भरताना ते तसंच ठेवा, पण हाक मारताना उजवीकडचं नाव घ्या.

५. हाक कशी मारायची

आपल्याला ‘सर’ म्हणायची सवय. मेडिकलच्या वर्गात ते चालून जातं, कारण भारतीय मुलांमुळे प्राध्यापकांनाही ते सवयीचं झालंय. पण डीनच्या कार्यालयात, दवाखान्यात, पोलिसांत किंवा नोंदणीच्या खिडकीवर रशियन बोलताना नाव आणि वडिलांचं नाव एकत्र घ्या: ‘तिमूर अस्कारोविच’. हीच तिथली ‘साहेब’ म्हणायची रीत आहे. भरभर बोलताना लोक ‘अस्कारिच’ असं आखूड करतात. तुम्ही नवीन असताना पूर्ण म्हणा.

किर्गिझ बोलताना पुरुष शिक्षकाला अगाय. कझाकमध्येही तेच, फक्त ग जरा घशातून. वयानं थोड्या मोठ्या किर्गिझ माणसाला नावानंतर बायके लावतात: ‘तेमिर बायके’, म्हणजे तेमिरदादा. मराठी कानाला हा शब्द भलताच ऐकू येतो आणि आपली मुलं पहिल्यांदा हसतात. समोरच्याला वाटतं आपल्याच नावाला हसले. तेव्हा खोलीवर चार वेळा म्हणून सवय करून मगच बाहेर पडा. उझबेक माणसाला आका: ‘तेमूर आका’. अझरबैजानात तेयमूर मुअल्लिम. शब्दाचा अर्थ शिक्षक, पण मान देऊन कुणालाही म्हणता येतं.

तुर्कस्तानात नावानंतर बे: ‘तिमूर बे’. इथं बे माणसाच्या पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. मुरात देमिर नावाच्या माणसाला ‘मुरात बे’ म्हणायचं. ‘देमिर बे’ म्हटलंत तर ज्याचं पहिलं नाव देमिर आहे असा कुणी दुसराच माणूस उभा राहील.

कझाकांत मोठ्या माणसाच्या नावाचा पहिला भाग घेऊन त्याला एके किंवा अके जोडून आदराचं रूप करतात. नुरसुल्तानचं नुरेके होतं. हे ऐकायला फार गोड लागतं, पण स्वतःच्या मनानं बनवू नका. घरची माणसं काय म्हणतात ते ऐका, तेच म्हणा. समवयस्क मित्राला तिमा हे तिमूरचं लाडाचं रूप चालतं, तेही त्यानं सांगितल्यावर.

६. इतिहासातल्या तैमूरबद्दल बोलताना

मराठी माणूस हे नाव ऐकतो तेव्हा त्याला १३९८ ची दिल्ली आठवते. शहर लुटलं गेलं, माणसांची कत्तल झाली. ती आठवण खरी आहे आणि ती पुसायची काही गरज नाही. २०१६ साली हिंदी चित्रपटसृष्टीतल्या एका दांपत्यानं मुलाचं नाव तैमूर ठेवलं, तेव्हा आपल्याकडे किती वाद झाला तेही सगळ्यांनी पाहिलं.

पण नाव त्या माणसाहून जुनं आहे. कुबलाई खानाचा नातू तेमूर १२९४ ते १३०७ या काळात चीनमध्ये युआन घराण्याच्या गादीवर होता. समरकंदचा तैमूर जन्मला १३३६ मध्ये. चंगीझ खानाचं जन्मनाव तेमुजिन, तेही याच कुळातलं मानतात. एका विजेत्यामुळे नाव जगभर झालं, पण त्याच्या आधी आणि नंतर ते मेंढपाळांच्या आणि लोहारांच्या घरांत चालूच होतं.

उझबेकिस्तानात मात्र अमीर तेमूर हा राष्ट्रपुरुष आहे. ताश्कंदच्या मध्यभागी त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे, समरकंदला बसलेला, आणि जन्मगावाजवळच्या शाखरिसाब्झला उभा. समरकंदच्या गूर-ए-अमीर या कबरीच्या इमारतीत लोक शांतपणे, हात पुढे धरून दुवा मागतात. तिथं उभं राहून मोठ्यानं मराठीत किंवा हिंदीत शेरेबाजी करणारे पर्यटक मी पाहिलेत. हिंदी समजणारे तिथं पुष्कळ आहेत.

‘लंग’ शब्द पूर्ण टाळा. फारसी लंग आणि कझाक अकसाक, दोन्हींचा अर्थ लंगडा. १९४१ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव यांनी कबर उघडून हाडं तपासली तेव्हा उजव्या पायाचं अधूपण सिद्धही झालं. पण वर्गातल्या तिमूरला गमतीनं ‘तैमूर लंग’ म्हणणं म्हणजे त्याला व्यंगावरून हाक मारणं. तो हसेल आणि मनात ठेवेल.

जेवणाच्या ताटावर कुणी विचारलंच की तुमच्याकडे तेमूरबद्दल काय म्हणतात, तर लपवू नका. दिल्लीत त्यानं काय केलं ते आम्ही शाळेत शिकतो, असं साध्या शब्दांत सांगा. माझा अनुभव असा की लोक ऐकून घेतात आणि मग आपली बाजू सांगतात. चांगल्या गप्पा होतात. फक्त विषय आपणहून काढू नका.

७. देवनागरीत लिहिताना

लेख, लग्नपत्रिका, पोस्ट, भाषांतर, काहीही असो, नियम एकच: ज्या भाषेतला माणूस त्या भाषेचा उच्चार. कझाक-किर्गिझ असेल तर तेमिर, रशियन रूप असेल तर तिमूर, उझबेक असेल तर तेमूर, तुर्की असेल तर तिमूर किंवा देमिर. उच्चाराचा जोर शेवटच्या अक्षरावर येतो. आपण पहिल्यावर देतो, तेवढं बदला. रोमन लिपीतलं स्पेलिंग बघून देवनागरी करू नका, कारण तिथं इ, ई, य यांची सरमिसळ असते. तो माणूस नाव म्हणतो तेव्हा फोनवर आवाज मुद्रित करून घ्या, हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

८. कागदपत्रं करायची असतील तर हे जवळ ठेवा

कुणाला भारतात बोलावण्याचं निमंत्रणपत्र, भाडेकरार, पैसे पाठवणं, प्रमाणपत्राचं भाषांतर, यांतलं काहीही असलं तरी लागणाऱ्या गोष्टी त्याच:

- पासपोर्टच्या फोटोच्या पानाची स्वच्छ प्रत, खालच्या दोन ओळींसकट
- त्याच्या भाषेतल्या ओळखपत्राची प्रत, दोन्ही बाजू
- त्यानं स्वतःच्या हातानं सिरिलिक लिपीत (रशियन ज्या लिपीत लिहितात ती) लिहिलेलं पूर्ण नाव
- फोनवर कझाक किंवा किर्गिझ कीबोर्ड. नुसता रशियन पुरत नाही, कारण कझाक ‘तेमिर’ मधला इ हे रशियन कीबोर्डवर नसलेलं अक्षर आहे
- आधी कुठला व्हिसा किंवा करार झाला असेल तर त्यावरचं स्पेलिंग

एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन स्पेलिंग सापडणं नेहमीचं आहे. जन्मदाखला सोव्हिएत काळातला असेल तर त्यावर तिमूर आणि नव्या ओळखपत्रावर तेमिर असंही असू शकतं. अशा वेळी तुम्ही स्वतः ‘दुरुस्त’ करू नका. भारतातल्या कामासाठी चालू पासपोर्टवरचं रोमन स्पेलिंग अक्षरशः उतरवा, आणि भाषांतरात दोन्ही रूपं देऊन ती एकाच व्यक्तीची असल्याची ओळ नोटरीकडून घालून घ्या. भाषांतराचा कच्चा मसुदा छापण्याआधी त्या माणसाला दाखवा आणि नावाच्या ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला सांगा. पुढचा मजकूर नंतर वाचला तरी चालेल.